साडेआठचे साडेनऊ

मार्च २०२० मध्ये पुण्या-मुंबईचे बरेच सॉफ्टवेअरवाले लॅपटॉप घेऊन गावी गेले. काहीजण अजून तिथूनच काम करतात. आमच्या मलकापुरात शेजारचे काका अशा पोरांना म्हणतात, "घरूनच काम? मंग तं मजाच हाये बाप्पा तुही!"

मजा बघायची तर नोव्हेंबरात या. पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, आपली जागची हलत नाहीत. न्यूयॉर्कचा सकाळी ११ चा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री ८.३० ला असतो, तो थेट ९.३० वर जातो. तोवर मलकापुरात जेवणं उरकलेली असतात. आई ताट झाकून ठेवते. म्हणजे मुलगा घरी आला, पण पंगतीला नाहीच!

माझं मत सरळ आहे. हाच कॉल तिकडच्या ८.३० ला घेतला, तर इथे हिवाळ्यातही संध्याकाळचे ७ च वाजतात. प्रॉडक्शन बंद पडलं तर रात्री २ ला उठू की, त्याला ना नाही. पण रोजच्या स्टेटस कॉलसाठी रोजचं जेवण का सोडायचं? एकदा क्लायंटला मेल टाकून तर बघा. फार तर काय, नाही म्हणतील!