भाषा शिकली, बोलायची कोणाशी?

कॅनडातील विनिपेग शहरामधून रेड नदी वाहते. तिच्या पूर्व तीरावर सेंट बोनिफेस ही फ्रेंच भाषकांची जुनी वस्ती आहे. तेथील कॅथेड्रलच्या आवारात लुई रिएल याची समाधी आहे. मॅनिटोबा प्रांताचा जनक मानल्या जाणाऱ्या या मेटी नेत्याला कॅनडा सरकारने १८८५ मध्ये फासावर चढवले. या वस्तीत फ्रेंच माध्यमाचे विद्यापीठ आहे आणि दर फेब्रुवारीत फ्रेंच परंपरेचा मोठा उत्सव भरतो. नदीच्या पलीकडे इंग्रजी घरांतील मुले बालवर्गापासून बारावीपर्यंत 'फ्रेंच इमर्शन' शाळांत शिकतात. गणित, इतिहास, विज्ञान हे विषयच त्यांना फ्रेंचमधून शिकवले जातात. पण त्यांची भाषा समृद्ध व्हावी म्हणून उच्च माध्यमिक वर्गात सहलीची टूम निघते, तेव्हा पालकांच्या आणि प्रवास कंपन्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो पॅरिसचा आयफेल टॉवर! पूल ओलांडला की जी भाषा नांदती दिसते, तिच्यासाठी महासागर ओलांडायचा, हा कोणता विवेक?

इमर्शनचा जन्म सहलीच्या हौसेतून झालेला नाही. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथील काही इंग्रजी भाषक पालकांनी शाळा मंडळाशी झगडून १९६५ मध्ये बालवर्गाची पहिली तुकडी सुरू करून घेतली. तीत अवघी २६ मुले होती. फ्रेंच बहुसंख्य असलेल्या क्वेबेक प्रांतात राहूनही आपली मुले शेजाऱ्याशी चार वाक्ये बोलू शकत नाहीत, ही त्या पालकांची खंत होती. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, इंग्रजी आणि फ्रेंच या दोहोंना राजभाषांचा दर्जा देणारा कायदा झाला आणि शेजारधर्माची ती खंत राष्ट्रीय धोरण बनली. म्हणजे या शिक्षणाच्या मुळाशी शेजारी होता, पर्यटनस्थळ नव्हते.

या शेजाऱ्याचे देणेही मोठे आहे. अटलांटिक किनाऱ्यावरील अकेडियन फ्रेंचांना ब्रिटिशांनी १७५५ पासून घरादारांतून उठवून देशोधडीला लावले. ऑन्टारिओने १९१२ मध्ये एक नियम काढून फ्रेंच माध्यम पहिल्या दोन इयत्तांपुरते कोंडले. मॅनिटोबाने १९१६ मध्ये द्विभाषक शाळाच मोडीत काढल्या. ज्या राज्यव्यवस्थेने एक भाषा शाळेबाहेर हाकलली, तीच व्यवस्था आज ती भाषा शिकवण्याचा अभिमान मिरवते. हा अभिमान खरा ठरायचा असेल तर ज्यांनी ती भाषा सारे सोसून जिवंत ठेवली, त्यांच्या उंबऱ्याशी विद्यार्थ्याला नेले पाहिजे. त्यांना वगळून फ्रेंच शिकणे म्हणजे देवाला टाळून देवळाचा कळस पाहून परतणे होय.

यात केवळ भावनेचा प्रश्न नाही. शिक्षणशास्त्राचाही अनुभव हेच सांगतो. इमर्शनची मुले ऐकलेले आणि वाचलेले फ्रेंच जवळजवळ मातृभाषकाइतके समजून घेतात, पण बोलताना आणि लिहिताना त्याच त्या चुकांत अडकून पडतात. टोरोंटोच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याच मुलांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, नुसते कानांवर पडून भाषा पुरती येत नाही. आपले म्हणणे दुसऱ्याला कळावे म्हणून शब्दांशी झटावे लागते, तेव्हाच ती अंगवळणी पडते. वर्गात फ्रेंच बोलणारा मोठा माणूस एकच, तो म्हणजे शिक्षक. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मैदानावर इंग्रजीचेच राज्य. मग पॅरिसच्या सहलीत काय होते? बस आपल्याच वर्गाची, खोलीतले सोबती आपलेच, आणि उपाहारगृहात मुलाने अडखळत फ्रेंचमध्ये काही मागितले की समोरचा सेवक तत्परतेने इंग्रजीत उत्तर देतो. बारा वर्षांच्या विद्येची परीक्षा दोन वाक्यांत आटोपते!

याउलट ज्या मार्गांनी भाषा खरोखर येते, ते मार्ग कॅनडातच सिद्ध आहेत. 'एक्स्पीरियन्सेस कॅनडा' ही संस्था केंद्र सरकारच्या साहाय्याने शाळकरी मुलांचे परस्पर विनिमय घडवून आणते. एका प्रांताचे मूल दुसऱ्या प्रांतातील घरी राहते आणि त्या घरचे मूल मग त्याच्या घरी येते. 'एक्सप्लोर' या शिष्यवृत्ती योजनेत विद्यार्थी उन्हाळ्याचे पाच आठवडे दुसऱ्या राजभाषेच्या परिसरात काढतात. क्वेबेकमधील त्र्वा पिस्तोल या गावी १९३२ पासून असे वर्ग भरतात. विद्यार्थी गावातल्या कुटुंबांत उतरतात आणि फ्रेंचच बोलण्याचे वचन देतात. नोव्हा स्कॉशियातील सेंट अ‍ॅन विद्यापीठात हद्दपारीतून परतलेल्या अकेडियनांच्या वंशजांमध्ये राहून शिकता येते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात भांडी विसळताना, यजमानीणबाईंचा विनोद न कळल्याने खजील होताना आणि तिसऱ्या आठवड्यात तोच विनोद आपण करताना जे साधते, ते कोणत्याही संग्रहालयात साधत नाही.

यावर आक्षेप येतो की, पॅरिसचे फ्रेंच शुद्ध आणि क्वेबेकचे गावंढळ; मग मुलांनी शुद्ध का शिकू नये? हा आक्षेप भाषेविषयी काहीच सांगत नाही. तो फक्त बोलणाऱ्याच्या मनातला न्यूनगंड उघड करतो. क्वेबेकच्या बोलीत सतराव्या शतकातील फ्रेंच उच्चारांच्या खुणा टिकून आहेत. जी बोली आपल्या लक्षावधी देशबांधवांच्या तोंडी आहे तिला हिणवायचे आणि परदेशी राजधानीची बोली प्रमाण मानायची, ही वसाहतीची मानसिकता झाली. फ्रान्स पाहू नये असे कोणी म्हणत नाही. अवश्य पाहावा, पण आधी शेजाऱ्याचे दार वाजवावे.

दुसरा प्रश्न पैशाचा. परदेशी सहल ज्याच्या पालकांना परवडते त्याची. इतरांनी चॉकलेटे आणि केक विकून निधी जमवावा, नाहीतर घरी बसावे. 'एक्सप्लोर'ची शिष्यवृत्तीही प्रत्येक अर्जदाराला मिळतेच असे नाही. तरुणांना प्रांतोप्रांती एकत्र राहून सेवा करायला आणि दोन्ही भाषा जगायला लावणारी 'कातिमाविक' ही योजना १९७७ मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये सरकारने काटकसरीच्या नावाखाली तिचा निधीच तोडला आणि पुढे काही वर्षांनी तो पुन्हा सुरू करावा लागला. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे द्यायला खर्च येत नाही. एका मुलाला पाच आठवडे दुसऱ्याच्या घरी ठेवायला येतो. तो करण्याची तयारी नसेल तर राजभाषा कायदा हा केवळ पाट्यांचा कायदा उरतो.

ही काटकसर किती महाग पडू शकते, हे कॅनडाने पाहिलेले आहे. १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक देशापासून फुटता फुटता राहिला. विरोधातली मते ५०.५८ टक्के, बाजूची ४९.४२. आणि २०२१ च्या जनगणनेत दोन्ही भाषांत संभाषण करू शकणारे क्वेबेकमध्ये ४६ टक्के, तर क्वेबेकबाहेर दहा टक्क्यांहूनही कमी! २००१ च्या तुलनेत हे प्रमाण घसरलेच आहे. इमर्शनच्या वर्गांसाठी पालकांच्या रांगा लागतात, आणि तरीही बोलणारे वाढत नाहीत. वर्गात पेरलेले पीक वर्गाबाहेर पाण्यावाचून करपते, याहून वेगळा अर्थ या आकड्यांचा काय लावायचा?

टोरोंटोच्या परिसरातील मराठी घरांना हे कोडे परके नाही. तिथले मूल शाळेत फ्रेंच, रस्त्यावर इंग्रजी आणि सुट्टीच्या दिवशी मराठी शिकते. त्यातली मराठी टिकते ती पुस्तकाने नव्हे. उन्हाळ्यात आजीपाशी राहायला मिळाले, मामेभावंडांशी भांडायला मिळाले, तरच टिकते. मराठी माणसाने या जागेला फार पूर्वीच नाव दिले आहे: आजोळ. इमर्शनच्या मुलांना शाळा मिळाली, पुस्तके मिळाली, प्रमाणपत्रेही मिळाली. त्यांच्या फ्रेंचला अजून आजोळ मिळालेले नाही. ते पॅरिसच्या हॉटेलात नाही. रेड नदीच्या पलीकडच्या तीरावर, त्र्वा पिस्तोलच्या एखाद्या माजघरात आहे. तिथवर मुलाला पोहोचवणे हेच सरकारचे, शाळेचे आणि पालकांचे कर्तव्य आहे.