रजेच्या तारखा भिंतीवर लावा, कारण लावू नका

आखातातल्या बऱ्याच बांधकाम कंपन्यांनी रजेचं जाडजूड रजिस्टर आता बंद करत आणलंय. त्याच्या जागी डॅशबोर्ड आलाय. साइट ऑफिसातल्या टीव्हीवर, टाइमकीपरच्या कॉम्प्युटरवर नाहीतर मोबाइलच्या ॲपमध्ये एक तक्ता दिसतो. कोण रजेवर आहे, कधी परत येणार, कोणाची किती रजा शिल्लक, कोण किती दिवस आजारी होता, सगळं त्यात. आपल्यातले बहुतेक जण तो बघून "ऑफिसचं काम आहे" म्हणतात आणि पुढे जातात. भावांनो, तसं करू नका. त्या तक्त्यातल्या एका रकान्यावर तुमचा पगार, तुमची ग्रॅच्युइटी आणि वेळ पडली तर नोकरीसुद्धा अवलंबून असते.

आधी चांगली बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. मी सुपरवायझर आहे. स्लॅबच्या कामात बारा स्टील फिक्सरपैकी आठ जण गणपतीला गावी गेले तर स्लॅब भरता येत नाही. पूर्वी कोणाला रजा मिळणार हे फोरमनच्या मर्जीवर असायचं. जो त्याच्या जवळचा, त्याचं तिकीट आधी निघायचं. बाकीच्यांना "पुढच्या महिन्यात बघू". आता वर्षभराच्या तारखा सगळ्यांसमोर असल्या की मार्चमध्येच कळतं, गणपतीला कोण जाणार, दिवाळीला कोण आणि मे महिन्यात पोरांच्या सुट्टीत कोण. मागच्या वर्षी कोण थांबला होता तेही दिसतं. वशिलेबाजी करायला जागा कमी राहते, आणि तिकीट स्वस्त असतानाच काढता येतं. हे चांगलंच झालं.

आता दुसरी बाजू. काही ठिकाणी या तक्त्यात तारखांबरोबर कारणही लिहिलेलं असतं. "पाठदुखी", "मूळव्याध", "घरगुती भांडण". मी एका साइटवर आजारी रजा घेणाऱ्यांची नावं लाल रंगात पाहिली आहेत, जेवायच्या शेडमधल्या स्क्रीनवर. त्याचा परिणाम काय होतो? माणूस ताप अंगावर काढतो, पण रजा मागत नाही. चाळीस डिग्रीच्या उन्हात, वर स्कॅफोल्डिंगवर, ताप अंगावर काढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि लाल नाव बघून ओव्हरटाइम दुसऱ्याला दिला जातो, काँट्रॅक्ट रिन्यू करताना तोच रंग समोर येतो. दुबई-अबू धाबीत म्हणजे यूएईत वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२१ मध्येच झालाय, आणि त्यात आरोग्याची माहिती संवेदनशील मानलीय. टाइमकीपरला इतकंच कळायला हवं की हा माणूस अमुक तारखेपर्यंत नाही. का नाही, ते एचआरच्या फाइलमध्ये राहू द्या.

सगळ्यात मोठा धोका मात्र रंगाचा नाही, कोडचा आहे. प्रत्येक सुट्टीला एक कोड लागतो: वार्षिक, आजारी, बिनपगारी, गैरहजर. हा कोड कोणीतरी माणूसच भरतो, आणि चुकतो किंवा चुकवतो. यूएईच्या कामगार कायद्यात (२०२१ चा क्रमांक ३३, फेब्रुवारी २०२२ पासून लागू) याचा हिशेब असा आहे:

वर्ष पूर्ण झालं की ३० दिवस भरपगारी रजा. सहा महिन्यांच्या वर आणि वर्षाच्या आत असाल तर महिन्याला २ दिवस. हे ३० दिवस कॅलेंडरचे आहेत, साप्ताहिक सुट्टी त्यातच मोजतात. काँट्रॅक्टमध्ये जास्त लिहिलं असेल तर ते लागू.

प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारी रजा. पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, उरलेले बिनपगारी. आजारपण कंपनीला ३ दिवसांच्या आत कळवायचं आणि डॉक्टरचा कागद द्यायचा.

आई-वडील, भाऊ-बहीण, मूल, आजी-आजोबा वारले तर ३ दिवस, बायको वारली तर ५ दिवस भरपगारी.

सबळ कारण न देता सलग ७ दिवसांपेक्षा जास्त किंवा वर्षात तुटकपणे २० दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं तर नोटीस न देता काढता येतं.

आता बघा. तुम्ही आठ दिवस आजारी होता, कागद दिला, पण टाइमकीपरने "गैरहजर" टाकलं. कागदावर तुम्ही थेट या शेवटच्या कलमात जाऊन बसलात. "बिनपगारी" टाकलं तर तेवढे दिवस नोकरीच्या काळात धरत नाहीत, म्हणजे ग्रॅच्युइटीतूनही गेले. पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढे ३० दिवसांचा, हा पैसा आपण गावच्या घरासाठी, पोरीच्या लग्नासाठी धरून ठेवलेला असतो.

म्हणून कंपन्यांकडे आमचं मागणं साधं आहे. तारखा सगळ्यांना दिसू द्या. शिल्लक रजा आणि कोड ज्याचा त्याला दाखवा, आणि तोही त्याला वाचता येईल अशा भाषेत. निदान हिंदीत तरी. कारण कोणालाच दाखवू नका. कोड बदलला तर कोणी आणि कधी बदलला याची नोंद राहू द्या, आणि त्या माणसाला मेसेज जाऊ द्या. सिस्टीममध्ये हे करायला फार खर्च येत नाही.

कंपनी करेपर्यंत आपण काय करायचं? दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी आपल्या रजेच्या पानाचा फोटो काढून ठेवा. मेडिकलच्या कागदाचा फोटो देण्याआधी काढा, आणि तो टाइमकीपरला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. रजेचा अर्ज तोंडी करू नका. आकडा चुकला असेल तर त्याच आठवड्यात लेखी विचारा, दोन वर्षांनी हिशेब करताना कोणी ऐकत नाही. ऐकलंच नाही तर कामगार मंत्रालयाचा ८००८४ हा नंबर आहे. सौदी, कतार, ओमानमधल्या भावांनी आपापल्या देशाचे आकडे तपासावेत, ते वेगळे आहेत. फोटो काढायची सवय मात्र सगळीकडे चालते.

आणि जे माझ्यासारखे सुपरवायझर, फोरमन हे वाचतायत त्यांना एक सांगणं. हजेरीचा शीट वर पाठवताना आपली सही असते. आजारी माणसापुढे "गैरहजर" लिहिलेलं दिसलं तर सही करू नका, आधी दुरुस्त करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण समोरच्याचं वर्षभराचं वाचतं.