वीट कोणाची, भिंत कोणाची?

परीक्षा जवळ आली की वसतिगृहात एक इंग्रजी गाणे हटकून लागते : 'अनदर ब्रिक इन द वॉल', भाग दुसरा. मास्तरांच्या नावाने खडे फोडते म्हणून मुलांना ते आवडते आणि नेमके त्याच कारणाने काही प्राध्यापकांना खटकते. माझ्या मते दोन्ही पक्ष त्यातली घोषणा तेवढी ऐकतात.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने हे गाणे नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या नाताळात इंग्लंडमध्ये ते पहिल्या क्रमांकावर होते. गीतकार रॉजर वॉटर्स केंब्रिजमध्ये शिकले. मुलांचा पाणउतारा करण्यात धन्यता मानणाऱ्या शिक्षकांवर त्यांचा राग होता, शिक्षणावर नव्हे. गाण्याची सुरुवात मात्र शिक्षणच नाकारते, तेही एका वाक्यात दोन नकार घालून! आमच्या इंग्रजीच्या सरांनी खाली लाल रेघ ओढली असती. पण लंडनच्या गल्लीतली पोरे तशीच बोलतात, आणि शाळेने ठरवलेली शुद्धता नाकारायची तर ती शुद्ध भाषेत कशी नाकारणार?

पहिली चित्रफीत व्यंगचित्रकार जेरल्ड स्कार्फ यांची. पुढे १९८२ मध्ये ॲलन पार्कर यांचा 'द वॉल' चित्रपट आला. त्यात मुखवटे घातलेली मुले रांगेने चालत जाऊन मांस दळण्याच्या यंत्रात पडतात. हे दृश्य सर्वांच्या लक्षात राहते. मला मात्र त्याआधीचा प्रसंग अधिक बोचतो. एका मुलाने वहीत लिहिलेली कविता मास्तर वर्गापुढे वाचून दाखवतात आणि सारा वर्ग हसतो. पाचवीत माझा निबंध असाच वाचला गेला होता, कारण त्यात घरची बोली आली होती.

या गाण्यातला कोरस लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतील मुलांचा. शाळेला १,००० पौंड मिळाले, मुलांशी मानधनाचा करार झाला नाही. पहिल्या चित्रफितीत दिसतात ती मुलेही ही नव्हेत, ती नाट्यशाळेतून आणलेली! आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. मोठेपणी, २००४ मध्ये, कोरसमधल्या काहींनी हक्काच्या पैशांसाठी दावा केला. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

१९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने या गाण्यावर बंदी घातली. तेथील गौरेतर विद्यार्थी हीन दर्जाच्या शिक्षणावर बहिष्कार टाकून हेच गाणे गात होते. त्यांना शाळा नको होती काय? गोऱ्यांच्या मुलांना मिळते तसे शिक्षण त्यांना हवे होते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. वडील आजही अंगठा उठवतात. ज्याच्या घरात दोन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत, त्याला शिक्षण नको म्हणणे परवडते. मला परवडत नाही. परंतु म्हणून मी मुकाट्याने वीट होऊन बसावे, असेही नाही. आजही तासाला नोट्स उतरवून घ्यायच्या असतात, आणि मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारायला कोणी उठला की मागच्या बाकांवरून खसखस ऐकू येते. हसणारे विद्यार्थीच असतात, मास्तर नव्हेत.

यंदाच्या स्नेहसंमेलनात हे गाणे बसवण्याचे घाटत आहे. जरूर बसवा. कोरसला मात्र मागच्या बाकांवरचे हसणारे नकोत, ज्यांना हसले जाते ते घ्या. आणि त्यांना पडद्यामागे नव्हे, रंगमंचावर उभे करा.