इंग्रजी ही कोणाची मिरास?

१९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, तेव्हा कित्येक भारतीय तंत्रज्ञ रशियन शिकले. त्यामुळे कोणाची मातृभाषा बुडाली नाही! मग इंग्रजीचाच बागुलबुवा का? राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. निकालांची भाषांतरे आता मिळू लागली आहेत; परंतु प्रमाण ठरतो तो मूळ इंग्रजी पाठच. भिलाईच्या कोहका वस्तीतील कंत्राटी कामगाराला आपल्याच खटल्यातील शब्द न् शब्द दुसऱ्याच्या तोंडून समजून घ्यावा लागावा, ही पराधीनताच होय. छत्तीसगड शासनाने २०२० पासून स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या खऱ्या. पण जागांहून अर्ज अधिक आले की प्रवेश सोडतीवर! प्रत्येक सरकारी शाळेत, मातृभाषेतील शिक्षणाच्या जोडीने, इंग्रजीचा जाणता शिक्षक नेमला गेलाच पाहिजे.