बुलेट घेताय? वही काढा!

22 सप्टेंबर 2025पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18वर आला. (त्याच्या वर मात्र थेट 40 टक्के!) तेव्हापासून घरोघरी एकच टुमणं, 'शंभरची काढू, बुलेट घेऊ.'

मैत्रिणींनो, कर कमी झाला तो खरेदीच्या दिवसापुरता. लिटरला साठच्या आसपास जाणारी गाडी देऊन पस्तीसवर यायचं, म्हणजे महिन्याचं पेट्रोल जवळपास पावणेदोन पट. हा खर्च पुढे आपल्याच वहीत येतो, पण गाडी ठरवताना आपल्याला विचारतात तो फक्त रंग!

मोठ्या गाडीचे फायदे नाहीत असं नाही. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019पासून एबीएस सक्तीचं आहे, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना ते फार कामी येतं. मुलगा रोज हायवेने जात असेल तर खुशाल घ्या. भाजी नि क्लाससाठी कशाला? आणि मागे बसणारीलाही हेल्मेट कायद्याने लागतं, ते बजेटमध्ये धरलंय का?

स्प्लेंडर 112 किलोची, बुलेट 195. पैसे भरण्याआधी घरातल्या प्रत्येकीने शोरूममध्ये ती एकदा मेनस्टँडवर चढवून बघावी.