रानकोंबड्याची हाक आणि दगडावरचा स्पीकर

गेल्या आठवड्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता. तळेरे परिसरातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. काजूच्या बागेची कड, मागे करवंदीची जाळी आणि दगडावर ठेवलेला ब्लूटूथ स्पीकर. मोबाइलवरून रानकोंबड्याची बांग लावलेली. दोन मिनिटांत जाळीतून खरा रानकोंबडा मान ताणून बाहेर येतो. मागे पोरं दबक्या आवाजात हसतात आणि व्हिडिओ संपतो. खाली टाळ्या, आगीचे गोळे, आणि एकाने विचारलेलं, "वडे कधी?"

व्हिडिओत बंदूक दिसत नाही. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, म्हणून कोणावर आरोप करत नाही. मला आधी राग आला आणि नंतर लाज वाटली. कारण ही हाक मलाही येते. मोबाइलने नव्हे, तोंडाने.

१९९० च्या आसपासची गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या आजोकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरं राखायला म्हणून परवाना. पण पारध काही फक्त डुकरांची व्हायची नाही, हे कोकणात कोणाला वेगळं सांगायला नको. आजो रानकोंबड्याला तोंडाने बोलवायचा. मला शिकायचं होतं. आठ दिवस त्याने मला नुसतं पहाटे उठवून बांधावर बसवलं. म्हणाला, "तो काय म्हणता ता आधी आयक. मगे बोल."

ऐकायला लागल्यावर कळलं की रानकोंबड्याची बांग गावठी कोंबड्यासारखी नसते. गावठी कोंबडा शेवट लांबवतो. रानातला तुकड्या-तुकड्यांत ओरडतो आणि तोडल्यासारखा थांबतो. तो थांबा जमला नाही तर हाक फुकट. मी महिनाभर गळा खरवडत होतो. आजो वैतागायचा. "आवाज गळ्यातसून काढू नको, टाळ्याक जीब लाव." आवाज जमला तर धीर नव्हता. उत्तर आलं नाही की मी पुन्हा हाक मारायचो. त्यावर त्याचं ठरलेलं वाक्य, "हाक एकदाच मारूची. सारखी हाक मारता तो कोंबो नाय, सावकार."

रानकोंबडा हाकेला का येतो? प्रेमाने नाही. शिमग्यापासून मिरगापर्यंत त्याची हद्द ठरलेली असते. त्या हद्दीत दुसरा नर ओरडला की त्याला हाकलायला जावंच लागतं. आपण त्याच्या उंबऱ्यावर उभं राहून त्याला आव्हान देतो आणि तो घर राखायला बाहेर येतो.

एका सकाळी तो माझ्या हाकेवर आला. पंधरा पावलांवर होता. मानेवरच्या पिसांवर मेणाचे थेंब पडावेत तसे ठिपके, ते उन्हात चमकत होते. आजोने बंदूक ओढली. संध्याकाळी वडे झाले. चव चांगली होती, खोटं कशाला सांगू. पण पुढे कित्येक दिवस त्या उतारावरून पहाटे बांग आली नाही. मी बांधावर जाऊन हाक मारायचो, उत्तर यायचं नाही. आपल्या तोंडाने आपण काय केलं हे त्या वयातही समजलं. त्यानंतर मी कधी कोणासाठी पाखरू बोलावलं नाही.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर शौकाच्या शिकारीला काही वाटच उरली नाही. आपल्याकडे समज असा आहे की गोळी झाडली तरच शिकार. तसं नाही. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, फासा लावणं, हाका घालणं, आमिष दाखवणं हे सगळं येतं, आणि तसा प्रयत्न करणंही येतं. "आम्ही फक्त बोलावलं," हे उत्तर वाटतं तेवढं भक्कम नाही.

आणि हा पक्षी कोण? करडा रानकोंबडा फक्त भारतात सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की जगभरच्या पाळीव कोंबड्यांत दिसणारी पिवळी कातडी ज्या जनुकामुळे येते, तो या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. म्हणजे आपल्या परड्यातल्या कोंबडीचा हा रानातला सोयराच.

काही जण म्हणतील, परदेशात तर शिकारीला परवाने देतात. खरं आहे. अमेरिकेत जंगली टर्कीची शिकार परवान्यावर आणि ठरलेल्या हंगामात चालते. तिथेही ही विद्या आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराची छोटी पट्टी, तिच्यावर ताणलेला पातळ रबरी पडदा; ती टाळूला चिकटवायची आणि जिभेच्या दाबाने मादीचा आवाज काढायचा. शिकणाऱ्याला पहिल्यांदा ओकारीच येते. मी हे वाचलं तेव्हा आजोचं "टाळ्याक जीब लाव" आठवून हसू आलं. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढे आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत टर्कीच्या शिकारीसाठी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायला मनाई आहे. बंदूक चालते, पण स्पीकर चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच पक्षी त्यांच्याकडे बऱ्याच भागांतून संपत आला होता. मोठ्या कष्टाने परत आणला. माणसाच्या तोंडाला मर्यादा असते, यंत्राला नसते, ही अक्कल तिथल्या शिकारीच्या नियमांतही आहे.

आपल्याकडे ती मर्यादा पाच वर्षांत पुसली गेली. तोंडाने हाक शिकायला मला महिना लागला, आणि त्या महिन्यात पक्षी किती वाजता कुठे असतो, कधी गप्प राहतो, हे आपोआप कळलं. मोबाइलवर ते पाच सेकंदांत होतं, आणि कळत काहीच नाही. तोंड दमतं. स्पीकर सकाळपासून दुपारपर्यंत ओरडत राहतो, आणि बिचारा कोंबडा चरणं सोडून न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो.

हे फक्त शिकाऱ्यांना लागू नाही. कॅमेरावाल्या मित्रांनो, तुम्हालाही. पावसाच्या तोंडावर नवरंग आपल्याकडे विणीला येतो. त्याचा फोटो मिळावा म्हणून त्याचीच शीळ मोबाइलवर लावायची, पुन्हा पुन्हा लावायची, एक गट गेला की दुसऱ्याने लावायची, हे कोकणात सर्रास चालतं. ऐन विणीत पक्षी घरटं सोडून आवाजामागे धावतो. हातात बंदूक नाही म्हणून ते पुण्य होत नाही. फोटोला लाइक मिळतात, पिल्लाचं काय झालं ते फोटोत दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, डुकरं भात लोळवतायत, वानरांनी माड-केळी ठेवली नाहीत, आणि हा पत्रकार कोंबड्याचं घेऊन बसलाय. तो राग खरा आहे. मी स्वतः पंचनाम्याच्या बातम्या केल्यात, भरपाई वेळेत मिळत नाही हेही लिहिलंय आणि पुढेही लिहीन. पण डुकराचा राग कोंबड्यावर काढायचं कारण नाही. तो वाळवी, किडे आणि पडलेलं बी टिपतो. शेतकऱ्याच्या अडचणीच्या आड लपून कोणी वड्यांची सोय करू नये, एवढंच म्हणणं.

मग ही विद्या मरू द्यायची का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि आज लिहायला बसलो ते मुख्यतः यासाठी.

मुंबईच्या बीएनएचएसने स्थलांतरी पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं काम हाती घेतलं तेव्हा बिहारच्या पारंपरिक पक्षी पकडणाऱ्या मीरशिकारांना सोबत घेतलं. त्यातले अली हुसैन पुढे पक्षी अभ्यासकांत मानाचं नाव झाले. पाखरू न दुखावता पकडायची पिढीजात कसब त्यांच्या हातात होती, तीच विज्ञानाच्या कामाला आली. आपले मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. वनखात्यात नोकरी करताना ते आदिवासी, पारधी, कोळी यांच्याजवळ बसले, त्यांचे शब्द गोळा केले, म्हणून मराठीला पक्षीकोश मिळाला. शिकाऱ्याची विद्या शिकारीशिवायही उपयोगी पडते, हे या दोघांनी दाखवलं.

आपल्या वाड्यांवर सत्तरी-ऐंशीची अशी माणसं अजून आहेत. कुठल्या पऱ्यावर कोणतं पाखरू कधी येतं, कोणता आवाज वाघराचा धोका सांगतो, हे त्यांना माहीत आहे. ती बोलत नाहीत, कारण बोललं तर 'शिकारी' म्हणून नाव लागेल ही भीती. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची नोंदवही कधी उघडून पाहिली आहे का? पुढच्या ग्रामसभेत मी विचारणार आहे. तुम्हीही तुमच्या गावात विचारा. या जाणत्यांना बोलवा. फासे कसे लावायचे ते लिहून घेऊ नका. पाखरांच्या जागा, वेळा, मालवणी नावं लिहून घ्या. वनखात्याने पक्षीगणनेला त्यांना मानधन देऊन न्यावं. जुना हिशेब काढायला नव्हे, शिकायला न्यावं.

आणि त्या व्हिडिओतल्या पोरांना सांगणं एवढंच. बाबांनो, तुम्ही आमचीच पोरं. ती फाइल मोबाइलमधून काढून टाका. पहाटे या, माझ्याबरोबर बांधावर बसा. स्पीकर घरी ठेवून या. हाक शिकवीन, पण ती घरात म्हणायची, रानात फक्त ऐकायची. माझी मुलगी सध्या तेच करते. त्या जुन्या उताराच्या वर आता पुन्हा एक बांग येते. परवा ती ऐकून तिने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने तोंड मिटलं.

कोंबडा आणखी दोनदा ओरडला आणि आपल्या कामाला गेला.