लहान तोंडी मोठा घास

सोमवारची मीटिंग. बॉस प्रेझेंटेशन देतोय आणि तिसऱ्या स्लाइडवरचा आकडा चक्क चुकलाय. तुम्हाला दिसतंय, शेजारच्यालाही दिसतंय. पण बोलणार कोण? अप्रेझल तोंडावर आलंय! फार तर क्लायंटसमोर शोभा होईल, एवढंच.

आता हीच गप्प बसायची सवय ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन बघा.

मार्च २००५, इंग्लंड. एलेन ब्रॉमिली, वय ३७, दोन मुलांची आई. सायनसचं साधंसं ऑपरेशन. भूल दिल्यावर घशातून नळी जाईना, मास्कनेही ऑक्सिजन पोचेना. अशा वेळी गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायची असते. डॉक्टर काही शिकाऊ नव्हते, चांगले अनुभवी. पण नळी घालण्याच्या खटपटीत वेळेचं भानच सुटलं. एका नर्सने छेद देण्याचं साहित्य आणून ठेवलं, तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत बेड सांगितला, पण डॉक्टरांच्या नजरेनंच तिला वाटलं, आपण उगाच घाई केली. तिने बेड रद्द केला. काय करायला हवं ते कळत होतं. ठासून सांगायचं कसं, ते कळत नव्हतं. १३ दिवसांनी एलेन गेली.

तिचा नवरा मार्टिन पायलट. कॉकपिटमध्ये ज्युनियरने कॅप्टनला कसं टोकायचं, याचं रीतसर ट्रेनिंग असतं. मग थिएटरमध्ये का नाही? बदला घेण्यापेक्षा 'यातून शिका' असा आग्रह त्याने धरला आणि २००७ मध्ये त्यासाठी 'क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप' सुरू केला.

टोकायच्या तीन पायऱ्या आता हॉस्पिटलच्या टीमनाही शिकवल्या जातात. आधी, 'सर, मला काळजी वाटतेय.' मग, 'हे मला बरोबर वाटत नाही.' तरीही ऐकलं नाही तर, 'पेशंटला धोका आहे, थांबा!' जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या चेकलिस्टमध्ये तर छेद देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा तोंड उघडलं की पुढचं बोलणं सोपं जातं ना!

आपल्याकडे 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे बाळकडूच. सिस्टरने मोठ्या सरांना टोकायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास! पण कधी कधी त्या घासावर कुणाचा तरी श्वास अवलंबून असतो.

आणि बॉसमंडळी, टोकणाऱ्याला आधी 'थँक्स' म्हणा. चूक कुणाची, ते मग बघू.